जुन्या साच्यातलं किट खऱ्या गाडीशी जुळत नाही? पुट्टी उघडण्याआधी हे तपासा

सोलापुरात प्लास्टिकच्या गाड्यांची मॉडेलं जोडणारे आम्ही मोजकेच, पण एक तक्रार आमच्यात सतत फिरून येते. साठ-सत्तरच्या दशकातलं एखादं किट कंपनीने जुन्याच साच्यातून पुन्हा काढलेलं असतं. खोक्यावर जुनंच चित्र, आत नवे डिकल (पाण्यात भिजवून बॉडीवर चिकटवायची छापील चित्रं) आणि नवे टायर. कस्टम ड्युटीसकट चांगले पैसे मोजून ते मागवलेलं असतं. बॉडी हातात घेतली की मात्र काहीतरी खटकतं. टप बसका दिसतो, नाक लांबट वाटतं, चाक कमानीच्या मधोमध येत नाही, बंपर लावला तर एका टोकाला फट राहते. मग ‘साचाच चुकलाय’ असा निकाल लागतो आणि कानस सुरू होते.

अशा वेळी कारणं तीनच असतात. एक, साचा कोरतानाच माप चुकलं किंवा मुद्दाम बदललं गेलं. दोन, मूळ साचा बरोबर होता, पण मधल्या वर्षांत कंपनीने त्यात फेरफार केले. तीन, साचा आजही ठीक आहे, पण तुमच्या खोक्यात आलेला नग वाकलेला आहे किंवा त्यावर झिजेच्या खुणा आहेत. तिन्हींचे उपाय एकमेकांपासून पार वेगळे आहेत. तिसऱ्या कारणाला बहुतेक वेळा गरम पाणी पुरतं. तिथे कानस चालवली तर चांगली बॉडी हातची जाते. म्हणून आधी कारण ओळखा, हत्यार नंतर उचला.

सुरुवात व्हीलबेसपासून

खोक्यावर छापलेलं प्रमाण (१:२४ म्हणजे खऱ्या गाडीचा चोविसावा भाग) मनातून काढून टाका आणि स्वतः मोजा. त्यासाठी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, म्हणजे व्हीलबेस, सगळ्यात भरवशाचं. बंपर, लांबी, रुंदी ही मापं देशागणिक आणि मॉडेलच्या वर्षागणिक बदलतात, व्हीलबेस सहसा टिकून राहतो. शिवाय तो कुठल्याही जुन्या माहितीपत्रकात सापडतो. साधा व्हर्नियर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, या कामाला महागडा लागत नाही.

काही नेहमीची मापं देतो. फोक्सवॅगन बीटलचा व्हीलबेस २४०० मिमी. १:२४ ला तो बरोबर १०० मिमी भरायला हवा, १:२५ ला ९६ आणि एअरफिक्स कंपनीच्या १:३२ किटला ७५. पहिल्या फोर्ड मस्टँगचा व्हीलबेस १०८ इंच, म्हणजे २७४३ मिमी. १:२५ ला १०९.७ आणि १:२४ ला ११४.३. शेवरोले बेल एअर १९५७ चा ११५ इंच. १:२५ ला ११६.८, १:२४ ला १२१.७. जग्वार ई-टाइपच्या पहिल्या मालिकेचा ९६ इंच. १:३२ ला ७६.२. युद्धकाळातल्या विलीज जीपचा ८० इंच; १:३५ ला ५८ च्या किंचित वर, १:२४ ला ८४.७.

एवढी मापं देण्यामागे कारण आहे. १:२४ आणि १:२५ मध्ये फरक चार टक्क्यांचा, पण मस्टँगच्या लांबीत तो साडेसात-आठ मिलिमीटर होतो. एएमटी, एमपीसी, जो-हान या अमेरिकी कंपन्यांची गाड्यांची बहुतेक किटं १:२५ ची, मोनोग्रामची १:२४ ची, टामियाची १:२४ ची. शेजारी शेजारी ठेवली तर एक गाडी दुसरीपेक्षा खुजी दिसणारच. त्यात साचा चुकलेला नसतो. आपण एका प्रमाणाचे टायर दुसऱ्याला लावतो किंवा एकाचं इंजिन दुसऱ्यात बसवायला जातो, आणि दोष किटच्या माथी मारतो.

मोजताना किती फरक सोडून द्यायचा, हेही ठरवून घ्या. पॉलिस्टायरीन साच्यात थंड होताना साधारण अर्धा टक्का आक्रसतं. साचा त्या हिशेबाने मोठाच कोरतात, पण थोडंफार इकडे-तिकडे होतंच. एक टक्क्याच्या आतली तफावत मी साच्याची चूक धरत नाही. १०० मिमीच्या बीटलमध्ये ती एक मिलिमीटर होते, आणि कपाटात ठेवलेल्या गाडीत ती कोणाच्या डोळ्याला दिसत नाही. तीन-चार टक्के भरली तर आधी प्रमाण तपासा. एका बाजूचा व्हीलबेस दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळा आला तर गोष्ट साच्याची नाही, बॉडी किंवा चासी पिळलेली आहे.

फोटोशी ताडून पाहणं: सगळ्यात जास्त गफलत इथेच

व्हीलबेस बरोबर आला, तरीही टप बसका वाटतोय म्हणता? तो कशाशी ताडून पाहिलात, हे आधी सांगा. खोक्यावरच्या चित्राशी असेल तर ते बाजूला ठेवा. साठच्या दशकातल्या अमेरिकी गाड्यांच्या जाहिरातींत चित्रकार गाडी लांब, रुंद आणि बसकी करून रंगवत. खोक्यांची चित्रंही त्याच वळणाची. पुन्हा काढलेल्या किटवर तेच चित्र जसंच्या तसं छापलं जातं, म्हणून आपल्या डोळ्यांत गाडीचं रूप आधीच चुकीचं बसलेलं असतं.

खऱ्या गाडीच्या फोटोशी ताडायचं असेल तर अंतराचं गणित सांभाळावंच लागतं. वस्तूच्या जवळ जाऊन फोटो काढला की जवळचा भाग फुगतो आणि लांबचा आकसतो. मॉडेल आपण हातभर अंतरावरून बघतो, मोबाइलने तर वीतभर अंतरावरून टिपतो. खऱ्या गाडीचा फोटो मात्र रस्त्याच्या पलीकडून काढलेला असतो. मग मॉडेलचं नाक लांबट दिसणारच.

यावरचा उपाय सरळ आहे: अंतरही प्रमाणात आणायचं. खरी गाडी सहा मीटरवरून टिपली असेल तर १:२४ च्या मॉडेलसाठी कॅमेऱ्याची काच २५ सेंटिमीटरवर ठेवा, १:२५ साठी २४ वर. उंचीही त्याच हिशेबाने. खरा फोटो काढताना कॅमेरा जमिनीपासून १.२ मीटर वर होता, तर मॉडेलसमोर तो टेबलापासून ५ सेंटिमीटरवर आला पाहिजे. मोबाइलची रुंद दिसणारी काच वापरू नका, नेहमीचीच वापरा. दोन्ही फोटो एकाच आकाराचे करून एकावर एक ठेवले की टपाची रेघ, खिडकीची खालची कड आणि चाकांच्या कमानी सरळ जुळवून पाहता येतात. ‘टप कापल्यासारखा आहे’ असं ज्यांच्याबद्दल छातीठोक सांगितलं जातं, अशी काही किटं या कसोटीला उतरतात. जी उतरत नाहीत, त्यांच्यात नेमका कुठे किती फरक आहे तेही तिथेच कळतं. ‘काहीतरी चुकलंय’ आणि ‘पुढच्या काचेची चौकट पाऊण मिलिमीटर खाली आहे’ यांपैकी दुसऱ्यावरच काम करता येतं.

आपल्याकडे जीपच्या बाबतीत आणखी एक गोंधळ नेहमी होतो. विलीजचं किट आलं की माणूस गॅरेजसमोर उभ्या असलेल्या जुन्या महिंद्रा जीपशी ते ताडतो आणि बोनेट फार खाली आहे म्हणतो. ती जीप सीजे-३बी घराण्यातली आहे. तिच्या इंजिनाची उंची जास्त, म्हणून बोनेटही उंच. युद्धकाळातल्या विलीजचं, म्हणजे एमबी मॉडेलचं, बोनेट खालीच असतं. समोरच्या जाळीवरूनही ओळख पटते: एमबीच्या पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या खाचा, सीजे-३बीला सात. दोघींचा व्हीलबेस मात्र ८० इंचच, म्हणून माप घेऊनही हा घोटाळा उघडा पडत नाही. किटच्या बोनेटखाली पट्ट्या घालून ते उचलू नका, साचा बरोबर आहे.

बीटलचंही तसंच. मागची काच १९५३ पर्यंत दोन तुकड्यांची, १९५७ पर्यंत लंबगोल, त्यानंतर रुंद चौकोनी, आणि १९६५ च्या मॉडेलपासून सगळ्याच काचा थोड्या मोठ्या झाल्या. शेजारच्या काकांची सत्तरच्या दशकातली बीटल बघून १९६३ च्या किटची खिडकी घासू नका. आधी किटचं वर्ष नक्की करा, मग त्याच वर्षाची गाडी शोधा.

साच्यात मधल्या काळात झालेले बदल

एएमटीने १९५८ पासून अमेरिकी गाड्यांची किटं दरवर्षी काढायला सुरुवात केली. डीलर आपल्या गिऱ्हाइकांना देत ती प्रमो मॉडेलं आणि ही किटं यांचे साचे मुळात एकच असत. कारखान्याची ड्रॉइंगं हाताशी असल्यामुळे यांतली पुष्कळ किटं मापाला फार चांगली आहेत. नंतर नव्या पद्धतीने काढलेल्या काही किटांपेक्षाही मला ती आवडतात. पण साचा गाडी बाजारात येण्याआधीच सुरू करावा लागे, म्हणून शेवटच्या घटकेला गाडीत झालेले बदल काही किटांत आलेच नाहीत. एखादी पट्टी किंवा बिल्ला खऱ्या गाडीवर दिसत नसेल, तर त्यामागे हेही कारण असू शकतं.

त्यातली खरी अडचण अशी की दुसऱ्या वर्षी गाडीची जाळी आणि मागचे दिवे बदलले की नवा साचा कोरण्याऐवजी जुनाच साचा बदलला जायचा. जुन्या वर्षाची बॉडी तिथेच संपली. पुढे सत्तरच्या दशकात रेसिंगची लाट आली, तेव्हा काही साच्यांत चाकांच्या कमानी मोठ्या केल्या, कुठे इंजिन बदललं, कुठे मागची सीट काढून तिथे लोखंडी पिंजरा घातला. आज तो साचा परत वापरात येतो तेव्हा हे सगळे थर अंगावर घेऊनच येतो. म्हणून साध्या गाडीच्या किटमध्ये रेसिंगची चासी निघते, किंवा बॉडी एका वर्षाची आणि बंपर दुसऱ्या वर्षाचा.

हे ओळखायचं कसं? बॉडीला आतून टॉर्च लावा. जिथे साचा पुन्हा कोरला किंवा भरला असेल तिथे प्लास्टिकच्या जाडीत पायरी दिसते, किंवा आतल्या बाजूला गुळगुळीत भागात अचानक वेगळा पोत येतो. दुसरी खूण म्हणजे पॅनेलच्या रेघा: मूळच्या रेघा बारीक आणि सारख्या, नंतर घातलेल्या थोड्या रुंद आणि उथळ. तिसरी खूण सांगाड्यात, म्हणजे स्प्रूमध्ये. नीट लावलेल्या भागांच्या मधेच एखादी मोकळी जागा आणि बंद केलेली नळी दिसली, तर तिथला भाग कधीतरी काढून टाकलेला आहे.

यावर घासून काही होत नाही, भागच बदलावा लागतो. दुसऱ्या किटातला उरलेला बंपर किंवा जाळी मिळवा, रेझिनमध्ये ओतलेला भाग घ्या, नाहीतर जे वर्ष निघालं तेच मान्य करून त्या वर्षाची गाडी बनवा. मी बहुतेक वेळा तिसरा मार्ग घेतो, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. मोठ्या केलेल्या कमानी मात्र पातळ प्लास्टिक शीटने आतून आधार देऊन भरता येतात. शीट मिळत नसेल तर तळाला त्रिकोणात ६ आकडा असलेलं डिस्पोजेबल भांडं कापा. ते पॉलिस्टायरीनच असतं आणि प्लास्टिक सिमेंटने, म्हणजे किट जोडायच्या गोंदाने, एकजीव होतं. जुनं एटीएम कार्ड किंवा ओळखपत्र वापरू नका, ते पीव्हीसीचं असतं आणि साध्या सिमेंटने त्याचा सांधा धरत नाही.

मोटर आणि बॅटरीपायी बदललेली मापं

जपानी किटांच्या बाबतीत वेगळीच गोष्ट आहे. पूर्वी त्यांतल्या पुष्कळांत छोटी मोटर आणि सेल बसायचे. टामियाचं रणगाड्यांचं १:३५ हे प्रमाणसुद्धा पँथरमध्ये बॅटऱ्या मावाव्यात यातूनच आलं. गाड्यांमध्ये ही तडजोड आतल्या फरशीत दिसते. सीटखाली सेल असल्यामुळे फरशी उंच, सीट आखूड, स्टिअरिंग जवळजवळ मांडीत. बाहेरून बॉडी बरोबर असते, खिडकीतून पाहिलं की मात्र गाडी उथळ वाटते. त्याच टामियाने १९७६ च्या १:१२ पोर्शे ९३४ साठी खरी ९११ विकत घेऊन ती सुटी केली होती, म्हणजे कंपनीला मापाची फिकीर नव्हती असं नाही. तेव्हा खेळण्यातली मोटर चालणं हीसुद्धा गिऱ्हाइकाची मागणी होती.

उपाय: खोटी फरशी कापून काढा, चार-पाच मिलिमीटर खाली नवी शीट बसवा आणि सीटचा पाया वाढवा. सेलची खाच चासीच्या तळातून भरून घ्या. काम संध्याकाळभराचं आहे आणि फरक मोठा दिसतो. अमेरिकी किटांत याच जातीची आणखी एक तडजोड आढळते, इंजिनाच्या पोटातून आरपार गेलेला लोखंडी आस. बोनेट बंद ठेवणार असाल तर त्याला हात लावू नका. उघडं ठेवणार असाल तर आस दोन्हीकडे कापून तुकडे चासीला बाहेरून चिकटवा, पण आधी चारही चाकं काचेवर टेकवून उंची पक्की करा.

वाकलेली बॉडी

आपल्या हवेत हे कारण सगळ्यात जास्त आढळतं आणि सगळ्यात कमी ओळखलं जातं. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ च्या आसपास असतो. कुरिअरच्या बंद गाडीत किंवा पत्र्याच्या गोदामात खोकं पडून राहिलं, वर दुसरी खोकी रचली, तर पातळ खांबांची बॉडी हळूहळू बसते. पॉलिस्टायरीन मऊ पडायला शंभर अंशांच्या आसपास उष्णता लागते, पण सतत वजन असेल तर त्याच्या बऱ्याच खालीही ते आकार बदलतं.

बॉडी जाड काचेच्या तुकड्यावर ठेवा. चार कोपऱ्यांपैकी एक उचललेला राहिला तर ती पिळलेली आहे. मग दोन्ही कर्ण मोजा, पुढच्या डाव्या कमानीपासून मागच्या उजव्या कमानीपर्यंत आणि उलट. फरक आला तर वाकलं आहे हे नक्की. साच्याची चूक बहुधा दोन्ही बाजूंना सारखी असते, वाकलेपणा तसा नसतो. ओळखीत कोणाकडे तेच किट असेल तर दोन्ही बॉड्या शेजारी ठेवा, वाद तिथेच मिटतो.

सरळ करायला पाणी उकळू नका. साधारण ७० अंशांचं, हात घालवणार नाही इतकं गरम पाणी पसरट भांड्यात घ्या. चासी आणि आतली फरशी कोरडी बसवून बॉडीला मास्किंग टेपने हलकं बांधा, म्हणजे तिला योग्य आकाराचा आधार मिळतो. मिनिटभर बुडवा, काढा, काचेवर दाबून धरा आणि थंड पाण्यात टाका. एकदम पूर्ण वळवायला जाऊ नका, थोडंथोडं करा. टपाचे खांब सर्वांत नाजूक, तिथे बोटाने जोर देऊ नका. काच आणि क्रोमचे भाग गरम पाण्यात मुळीच घालायचे नाहीत.

झीज, पापुद्रे, सरकलेले सांधे

याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हे सगळ्यांनाच दिसतं. कडांना आलेला पातळ पापुद्रा ब्लेडने खरवडा. जाड भागांवरचे खळगे पुट्टीने भरा. गाडीची बॉडी सरकत्या तुकड्यांच्या साच्यात निघते, त्यामुळे मडगार्डच्या माथ्यावर आणि मागच्या खांबावर सांध्याची रेघ असतेच. साचा जुना झाला की तिथे पायरी पडते. ४०० च्या पॉलिश पेपरने सुरुवात करून १००० पर्यंत जा. पण प्रत्येक रेघ पुसू नका. बीटलच्या मडगार्ड आणि बॉडीच्या मधली पट्टी खऱ्या गाडीवरही असते. बिल्ले आणि अक्षरं अंधुक असतील तर प्रायमरचा जाड थर मारू नका, उरलंसुरलं तेही बुजून जातं.

सोलापुरात लागणारी वेगळी काळजी

साच्यातलं तेल धुवायला बोअरचं पाणी वापरलंत तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात आणि रंगाखाली ते टेकाडासारखे दिसतात. शेवटचं धुणं फिल्टरच्या पाण्याने करा. पूर्व भागात यंत्रमागांच्या आसपास राहत असाल तर हवेतला सुताचा कस्पट ओल्या रंगावर बसतो. रंगकाम आतल्या खोलीत, पंखा बंद करून करा आणि भाग टॉवेलने पुसू नका. उन्हाळ्यात दुपारी स्प्रेचा थेंब बॉडीवर पोचायच्या आधीच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. सकाळी लवकर मारा. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर प्लास्टिकला खातं, ते थेट बॉडीवर लावायचं नाही.

लाल प्लास्टिकमध्ये निघालेल्या किटवर पांढरा रंग मारणार असाल तर आधी चंदेरी थर द्या, नाहीतर काही दिवसांत गुलाबी झाक वर येते. क्रोम जाड आणि सांध्यांवर कुरूप असेल तर घरातल्या ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवा, ॲल्युमिनियमचा थर निघून जातो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि त्या भांड्यात संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

जुने डिकल पिवळे पडले असतील तर पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवा. आपल्याकडचं ऊन त्यासाठी उत्तम आहे, बऱ्याचदा आठवड्याभरात पिवळेपणा उतरतो. रेसिंग गाडीच्या नव्या डिकलवर मूळ गाडीवरची तंबाखूची जाहिरात नसेल तर ती छपाईतली चूक नाही. अशा जाहिराती आता मुद्दाम वगळतात.

टायरबद्दल शेवटचं. ते मऊ पीव्हीसीचे असतात आणि त्यांतलं तेल पॉलिस्टायरीनला विरघळवतं. उन्हाळ्यात हे लवकर होतं. खोकं उघडल्याबरोबर टायर काढून वेगळ्या पॉलिथीनच्या पिशवीत ठेवा, विशेषतः काचेच्या भागांपासून लांब. जोडताना रिमच्या कडेला ॲल्युमिनियम फॉइलची पातळ पट्टी गुंडाळून मग टायर चढवा. आणि चढवण्याआधी टायरचा व्यास मोजा: बीटलचा मूळ टायर १:२४ ला जवळपास २७ मिमी भरतो. किटमधले त्याहून लहान निघाले, तर ‘गाडी बसकी आहे’ या तक्रारीचं उत्तर बहुधा तिथेच आहे, आणि बॉडीला हात लावायची गरज नाही.